घरात वाजला पाहिजे

मोबाईल आहे माझ्याकडे, दोन सिमांचा.
पेरूच्या झाडाखाली तो बोलतो,
गोठ्यातल्या दगडावर उभं राहिलं तर जरा बरं बोलतो,
आणि घरात, मी झोपते तिथे,
नुसता दिवा लावून पडून असतो.

माघात ठाकूरवाडीवरून सतरा वेळा फोन केला होता त्यांनी.
सकाळी दगडावर चढले तेव्हा
सतराही एकदम कळले,
मुठीत चिमणी धरल्यासारखा हात थरथरत राहिला.
तोवर बाळ झालं होतं, जीपमध्ये,
डोळखांबच्या अलीकडे.
आई आणि बाळ दोघं बरी आहेत
म्हणून हे सांगता तरी येतं मला.

मग ठरवलं, जोडणी घ्यायची.
खिशातली नको. घरातली.

शहापूरच्या दुकानात पोराने काचेवर रंगीत कागद पसरला.
एवढा स्पीड, तेवढे चॅनल, सिनेमे फुकट.
मी विचारलं, वीज गेली की फोनचं काय होतं?
तो म्हणाला, ताई, वीज कशाला जाते?
त्याच्या डोक्यावर पंखा मजेत फिरत होता.

दुसरा घरी आला. म्हणाला, कौलांवर अँटेना लावू,
टॉवरकडे तोंड करून.
टॉवर कुठाय?
त्याने डोंगराकडे बोट दाखवलं.
डोंगर त्यालाही दिसत होता,
पण त्याला महिन्याचं टार्गेट होतं.

पद्माकर घुडे लाइनमन, सायकल कुंपणाला टेकवून
ओट्यावर बसले. म्हणाले,
तार आहे. जुनी आहे, पण आहे.
पाचव्या खांबाला जोड आहे, त्यात मुंगळे घर करतात.
सातव्यापाशी रस्तेवाल्यांचा जेसीबी दोनदा आडवा गेलाय.
पाणी शिरलं की खरखर येणार, आत्ताच सांगतो.

स्वतःच्या मालाविषयी एवढं वाईट
कुणी सांगितलं नव्हतं मला.

बिघडली तर?
मी येतो.
आणि तुम्ही नसाल तर?

चहा बशीत ओतता ओतता ते थांबले.
श्रावणात रिटायर होतोय, सुगंधाताई.
वाडीत हुशार कोण आहे?

आमच्या वाडीत हुशार म्हणजे गौतमी.
नववी नापास,
पण मिक्सर उघडते आणि परत लावते,
एकही स्क्रू उरत नाही.
ती कोयता घेऊन त्यांच्यामागे खांब मोजत गेली.
संध्याकाळी माझ्या लसीकरणाच्या वहीत, मागच्या पानावर,
आख्खी लाइन काढून आणली:
इथे मुंगळे. इथे जेसीबी. इथे काजूची फांदी घासते.
इथे घुडेकाका पडले होते, दोन बरगड्या.

फोन पिस्त्याच्या रंगाचा आहे. वजनदार.
तांदळाच्या डब्यावर ठेवलाय.
नंबर खडूने लिहून आले
ठाकूरवाडीच्या शाळेच्या भिंतीवर,
दुकानाच्या फळीवर,
आणि चिंधू उघडाच्या जीपच्या दारावर आतून.

सासरे म्हणतात, कुणी करत नाही तर
महिन्याचे पैसे कशाला?
खरंच कुणी करत नाही. दोन महिन्यांत कुणाला अडलं नाही.
मी त्यांना काय सांगू?
सगळी झोपली की कधीतरी उचलून बघते.
कानात तो एकसुरी आवाज,
आहे,
आहे,
आहे,
मग हळूच ठेवून देते. झोप लागते.

परवा रात्री मुसळधार पडून गेल्यावर वाजला.
पिशवी काखेत मारली, एका पायात चप्पल,
उचलला.

ताई, मी गौतमी. पाचव्या खांबापाशी आहे.
काकांनी त्यांचा टेस्टिंगचा फोन मला दिलाय.
मुंगळे काढले. खरखर येते का?

नाही येत गं. घरी जा आधी, चिंब झाली असशील.

जाते. पण वाजला ना? घरात?

दुसरी चप्पल अजून दाराशीच होती.
वाजला, म्हटलं.